सेतूच्या वाळूत पुरलेलं बेलपान

मुक्काम रामेश्वर, पौष वद्य पंचमी

तीर्थस्वरूप शेषेरावमामांच्या पायी भाचा व्यंकट याचा लोटांगण घालून दंडवत. आम्ही मायलेक खुशाल आहोत. तुमचे गुडघे काय म्हणतात? मामीचा खोकला थांबला का? शिवकन्येची तब्येत (सहज विचारतो) बरीच असेल.

मागं तुम्ही भर पंगतीत म्हणालात, की ज्यानं लोहा गावच्या बाजारापलीकडं पाऊल टाकलं न्हाई अशा गड्याला मी पोरगी देणार न्हाई. ते मला लई झोंबलं. म्हणून तर आईला यात्रा घडवायचं निमित्त काढून निघालो. निघताना तुम्ही चांदीचं बेलपान हाती दिलंत. रामेश्वराला वाहून ये, मग शिवकन्येचं बोलू, असं म्हणालात. त्या बेलपानाचं काय झालं ते सांगतोच, पण आधी जरा मुलूख सांगू द्या. (घाई करू नका. असल्या गोष्टी बसून ऐकाव्या.)

मोगलाई सुटली तशी भाकरीही सुटली. भात खाऊन पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटत न्हाई. पुढं आगगाडी खुद्द समुद्रावरच्या पुलावरून गेली, तेव्हा आईनं डोळे गच्च मिटून घेतले अन् तुमचं, माझं, आपल्या भावकीचंसुद्धा भलं चिंतलं. इतकी ती घाबरली होती!

धनुष्कोडी हे या बेटाचं पार टोक. वाळूची एक चिंचोळी पट्टी समुद्रात आत आत गेलेली, एका अंगाला पाणी तळ्यावानी निवांत अन् दुसऱ्या अंगाला नुसता थयथयाट. मधे वाळूच्या टेकड्याच टेकड्या. मामा, डोळ्याचं पारणं फिटतं हो! मी मूठभर वाळू उचलून वास घेतला, दाताखाली धरली (सवय!), तर निव्वळ मीठ. एवढी जमीन, पण बांध न्हाई, वाटणी न्हाई, एक खटला न्हाई. तुम्हाला इथं करमायचं न्हाई. आईनं पल्याडचा काठ कुठाय म्हणून पुसलं. आमचे उपाध्ये (पिढ्यांमागं आपल्याच मुलखातून आलेले) म्हणाले, पल्याड लंका. त्यावर आई मला म्हणते, राम बायकोसाठी एवढ्या लांब गेला, अन् तुला लोह्यापलीकडं निघायला इतकी वर्षं लागली.

आता बेलपान. इथली रीत अशी, की आधी सेतूवर, म्हंजे या धनुष्कोडीच्या टोकाला, स्नान, मग रामेश्वरी देवाचं दर्शन. चांदी घेऊन दर्यात कसं उतरायचं? कपड्यात ठेवावी तर यात्रेत चोरांचा सुळसुळाट. आपण बापजाद्यांपासून जोंधळा पेवात घालतो. जमिनीच्या पोटात दाणा न् दाणा सुखरूप राहतो, तर बेलपान का राहू नये? वाळूचा एक लांबट उंचवटा होता. त्याला बांध समजून त्याच्या कडेला खड्डा केला, पंच्यात गुंडाळून बेलपान पुरलं, वर काठी रोवली अन् बेफिकीर पाण्यात उतरलो.

वर येतो तर वारं सुटलेलं अन् बांध गायब! काठी भलतीकडंच लोळत पडलेली. आपल्याकडं बांध रेटायला भावकीला जन्म जातो, इथल्या वाऱ्यानं एका आंघोळीत रेटला.

ओल्या धोतरानं मी उकरायला बसलो. आईनंही पदर खोचला. आमच्या डब्यातले कंधारचे सटवाजीबुवा आले. यात्रेत कुणी काही करताना दिसलं की आपणही करावं, पुण्य सुटायला नको, असा त्यांचा खाक्या. काही न पुसता तेही उकरू लागले. त्यांना बघून त्यांच्या गावच्या बाया बसल्या, बायांना बघून काशीकडची मंडळी. घटकाभरात सगळा किनारा रांगून राहिला! नवे आलेले पुसायला लागले, की हा कोणता विधी? उपाध्यांची मोठी पंचाईत झाली. विधी न्हाई म्हणावं तर एवढे यजमान खट्टू होणार. त्यांनी डोळे मिटून एक मंत्रच म्हटला. एका म्हातारीनं मला विचारलं, किती खोल गेलं म्हंजे फळ मिळतं? म्हटलं, माय, मीबी तेच बघून राहिलो.

न्हाई सापडलं, मामा. मला रडू आलं. बेलपान गेलं म्हंजे शिवकन्या गेली, दुसरं काही सुचेना. इथं वाळूचंच लिंग करून पूजतात. आईनं त्या उकरलेल्या वाळूचं लिंग केलं अन् म्हणाली, पान याच्याच पोटात कुठंतरी हाय, वाहिल्यासारखंच झालं. शेषूला मी सांगते, त्याची काय बिशाद! तिला तुमचा स्वभाव लहानपणापासून ठाऊक, म्हणून मलाही धीर आला. उद्या दर्शन करून परतीला लागू. राग यायचा तेवढा आम्ही पोचायच्या आत येऊन जावा, ही विनंती.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
व्यंकट

ता. क. सेतूची वाळू संगं घेतली आहे. ती प्रयागला नेऊन त्रिवेणीत सोडायची असते. उपाध्ये म्हणतात, जोडीनं सोडली तर उत्तम. एकट्यानं सोडली तरी चालते, असंही ते काहीतरी म्हणाले, पण तेव्हा वारं फार होतं.

आणखी ता. क. दिवाळीपासून तुमच्या डोळ्यांना अक्षर लागत न्हाई, तेव्हा हे पत्र कोण वाचून दाखवतंय ते मला ठाऊक हाय. शिवकन्ये, इथून पुढचं मनात वाच. मामांनी अट घातली, मी ती पाळायला निघालो, पण तुला कुणी विचारलंच न्हाई. मीही न्हाई. आता विचारतो. मामा उत्तर सांगतील ते लिहून घे, अन् खाली तुझ्या मनातलं तू लिही, होय असो का नको असो. गप का झालीस म्हणून त्यांनी पुसलं, तर आत्यानं आशीर्वाद लिहिलाय म्हणून सांग. ते खोटं न्हाई. ती शेजारी बसून एकेक ओळ सांगून राहिली.