खिळ्यावरचं कार्ड

शनिवार, दि. ९

चि. ठिणगी हिस,

दादाचे आशीर्वाद. सध्या ते नको असतील तर बाजूला काढून ठेव, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवतो. गाडीच्या डॅशबोर्डवर जो पिवळा दिवा लागतो, त्यातल्या आकृतीला तुम्ही यंत्रशास्त्रातले विद्वान इंजिन म्हणता. ती इंजिनासारखी दिसत नाही. नळाची तोटी बसवलेल्या पाणबुडीसारखी दिसते. बावीस वर्षं मी वर्गात धुरावरून अग्नीचं अनुमान शिकवतो आहे. इथे धूर नाही, अग्नी नाही, नुसती पाणबुडी पेटते आणि माझ्याकडे बघत बसते. न्यायशास्त्रात असल्या हेतूला, म्हणजे अनुमानाच्या खुणेला, आम्ही उभं करत नाही.

घरी सगळं ठीक. तुझी वहिनी बरी आहे. बाबा बरे आहेत. गाडी बरी नाही.

तू फोन आपटलास त्याला तीन आठवडे झाले. त्यानंतरचं क्रमाने सांगतो. गाडीच्या इलेक्ट्रिशियनने त्याचं यंत्र जोडलं आणि निकाल दिला की हवा मोजणारा सेन्सर गेला. नवा बसवला. दिवा विझला. पाच दिवस मी राजासारखा हिंडलो. सहाव्या दिवशी वाचनालयाच्या चढावर गाडीतली ताकदच गेली. प्राण सोडला नाही तिने, पण सोडावा की काय अशा विचारात रांगू लागली. मागे अकरा गाड्या आणि त्यांचे अकरा हॉर्न. पाणबुडी पुन्हा हजर.

मग सायलेन्सरच्या नळीतला सेन्सर बदलला. पुन्हा तेच. मग वायर न् वायर तपासली. मग हवेच्या पाइपांत धूर सोडून गळती शोधली. अखेर धूर दिसला म्हणून मी मोठ्या आशेने पुढे वाकलो, तर तो कुठूनच बाहेर येईना. हवा मोजणारा सेन्सर दुसऱ्यांदा बदलला. चार दिवस. पुन्हा तेच. रोज वर्गावर जायच्या आधी माझी एक फेरी गॅरेजला. मुलं विचारायला लागली, सर, तुमच्या हाताला ग्रीसचा वास कसा येतो?

शेवटी इलेक्ट्रिशियनही वैतागला. म्हणाला, "सर, ते इंजिनात जादा हवा कोंबणारं सुपरचार्जर काढून टाका. मूळ गाडीत नाही ते बसवलं की सेन्सर गोंधळणारच. तुमच्या बहिणीची हौस झाली, आता पुरे."

हे वाक्य त्याला मीच पुरवलेलं होतं. तुलाही मी फोनवर तेच ऐकवलं होतं, की तुझ्या हौसेपायी बाबांच्या चांगल्या गाडीचं वाटोळं झालं. तेव्हा तू एकच प्रश्न विचारलास: "एअर फिल्टर उघडून बघितलास का?" आणि मी म्हणालो, "फिल्टर बाबा सांभाळतात. तिथे चूक शोधायची तर आधी सूर्य कुठून उगवला ते बघून ये." चाळीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाच्या कामावर शंका घ्यायची नाही, एवढंच माझं शास्त्र. मग तू फोन आपटलास.

सुपरचार्जर काढायचं ठरल्याचं बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तिला विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. आम्ही दोघांनी बसवलंय." मी मान हलवली, आणि परवा गुरुवारी ते झोपलेले असताना गाडी गॅरेजला नेली.

बोल्टपर्यंत हात पोचावा म्हणून इलेक्ट्रिशियनने आधी फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर उचलला, तर त्याच्या बुटांवर तेल ठिबकलं.

"याला तेल कोण देतं?"

"बाबा. धुवून, वाळवून, सहा महिन्यांतून एकदा. धूळ चिकटावी एवढंच, अगदी हलकं."

"सर, हा फिल्टर आहे की दिव्याची वात?" त्याने सेन्सर काढून दाखवला. आतल्या केसाएवढ्या तारेवर तेलाचा थर. "सुपरचार्जर हवा ओढतं, हवेबरोबर हे तेल येतं आणि तारेवर बसतं. तिला हवा कळणार कशी? असे दहा सेन्सर बदला, दहाही जातील."

तुला हे तीन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं, हे मी जाणतो. उपकार म्हणून तरी हसू नकोस.

सुपरचार्जर जागेवर आहे. कुणी हात लावला नाही.

घरी येऊन मी बाबांच्या कामाच्या खोलीत गेलो. कार्डावर लिहिलं नाही ते काम झालंच नाही, हा त्यांचा नियम तुला पाठ आहे. खिळ्यावर गाडीचं कार्ड होतं. "फिल्टर धुतला, तेल दिलं. पुन्हा सहा महिन्यांनी." त्याखाली दुसऱ्या दिवशीची तारीख. "फिल्टर धुतला, तेल दिलं. पुन्हा सहा महिन्यांनी." त्याखाली तिसऱ्या. मी मोजल्या. एकोणतीस ओळी, ठिणगे. अक्षर तेच वळणदार. तारखा एकूण एक बरोबर. फक्त वरची ओळ एकदाही वाचलेली नाही.

मी कार्ड घेऊन त्यांच्यासमोर बसलो. काय बोलायचं ते जुळवत होतो, तेवढ्यात त्यांनीच ते हातातून घेतलं. चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत बोट फिरवत सगळं वाचलं.

"अक्षर माझंच आहे," म्हणाले.

बराच वेळ कार्डाची कड नखाने सरळ करत बसले. मग म्हणाले, "ठिणगीला सांगू नकोस. हातातलं सगळं टाकून येईल ती."

मी शब्द दिला.

काल सकाळी ते उठले, चहा घेतला, आणि फिल्टर काढायला गाडीकडे निघाले. आदल्या दिवशीचं काही त्यांच्यापाशी उरलेलं नव्हतं. तुझ्या वहिनीने माळ्यावरचा जुना फिल्टर शोधून त्यांच्या टेबलावर ठेवला. "बाबा, मी काढून आणलाय," म्हणाली. त्यांनी तो धुतला, वाळवला, तेल दिलं, कार्डावर लिहिलं. आज सकाळीही. गाडीतला फिल्टर कोरडा आहे. पाणबुडी बुडाली. गाडीची किल्ली मी खिशात ठेवतो आणि कॉलेजला जायला लागते असं सांगतो. ते "बरं" म्हणतात. त्यांनी एकदा ओरडून किल्ली मागावी, असं मला फार वाटतं.

फोनवर बोललो ते चुकलं. चूक तुझ्या यंत्राची नव्हती, आणि बाबांची म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जिथे बघायला हवं होतं तिथे मी बघितलं नाही. एक महिना मी गाडीकडे बघत होतो.

बाबा बरे आहेत असं वर लिहिलंय. खोडत नाही, पण ते खरं नाही.

दिलेला शब्द मी या पत्राने मोडतो आहे. मला भीती वाटते, ठिणगे. आज फिल्टर आहे. उद्या ते आपल्याला विसरतील, आणि त्या दिवशी घरात त्यांच्यासमोर मी एकटा असेन. मला ते एकट्याने जमणार नाही. तू ये.

फिल्टर न उघडलेला,
तुझा दादा