आमच्या गल्लीतून गेलेली रेघ

अण्णा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तुमच्यावरचा माझा राग काही उतरला नाही, म्हणून लिहायला बसले. अक्षर वाईट आहे. सातवीनंतर शाळा तुम्हीच सोडवलीत, त्यामुळे नाक मुरडू नका.

परवा एक पोरगा घरी आला होता. आम्ही आता सिडनीत राहतो, क्वेकर्स हिलला, आणि मी म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये किचनची शिफ्ट करते. हा पोरगा पुण्याचा. इथे शिकायला आला, कायम राहायची पीआर मिळाली, मग इथला नागरिकही झाला, आणि आता एका पार्टीच्या मागे फिरतो. तिकिटाची आशा आहे त्याला. ओट्याला टेकून म्हणाला, "काकू, मतदारसंघाच्या सीमा बदलतायत. आपला रस्ता पलीकडच्या सीटमध्ये टाकतायत. आपण ऑब्जेक्शन टाकू. आपली माणसं एकत्र राहिली तर आपला आवाज राहील."

"आवाज आपला, आणि खुर्ची?" मी विचारलं.

तो हसला. निर्लज्ज हसतात हे लोक, आपल्या गावचा पुढारी, तुमचा तो शेठही असाच हसायचा. मग मोबाइलवर नकाशा काढून म्हणाला, "तुम्ही सगळ्यांना ओळखता. कुठल्या घरात कोण, कुणाकडे कल, तेवढं सांगा. म्हणजे रेघ कुठे मागायची ते कळेल." युनिव्हर्सिटीत जाणारी माझी मुलगी सोफ्यावरून मान वर न करता म्हणाली, "मेट, पार्टीज डोन्ट ड्रॉ द लाइन्स हियर. कमिशन डझ." मी तिला म्हटलं, "आमच्याकडेही पार्टी ओढत नव्हती. कागदावर नगरपालिकेच्या साहेबाची सही असायची. रेघ तुझे आजोबा ओढायचे."

ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, अण्णा. आपल्या स्वयंपाकघरात फरशीवर नगरपालिकेचा नकाशा पसरलाय. एका कोपऱ्यावर पोळपाट, दुसऱ्यावर खलबत्ता, उडू नये म्हणून. शेठची चार माणसं मांडी घालून बसलीत आणि तुम्ही मध्ये, जावयासारखे. तुम्ही आईला हाक मारून डाळ मागता. शेठला मत देणाऱ्या घरावर तुरीचा दाणा, न देणाऱ्यावर मसूर. प्रत्येक घर तुम्हाला पाठ. आपल्या गल्लीत नुसती मसूर पडते, कारण आईने बायका गोळा करून, हंडे बडवत नगरपालिकेवर नेल्या होत्या आणि नळाचं पाणी सकाळी सोडायला लावलं होतं. यंदा तिलाच उभी करायची असं बायकांनी ठरवलं होतं. ते तुम्हाला ठाऊक होतं. शेठलाही ठाऊक होतं, म्हणून तर तो नकाशा आपल्या घरी आला. तुम्ही आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतलात आणि गल्लीच्या मधोमध ठेवलात. अर्धी मसूर इकडच्या तुरीत, अर्धी तिकडच्या तुरीत. कुठेच पुरेशी नाही. आई तेव्हा चुलीशी त्याच माणसांसाठी कांदाभजी तळत होती. मी विचारलं, "अण्णा, समोरची काकू आता आपल्या वॉर्डात नाही?" तुम्ही म्हणालात, "तू भजी वाढ. तुला काय कळतंय त्यातलं." माणसं गेल्यावर आईने खाली बसून तूर आणि मसूर वेगळी केली आणि आपापल्या डब्यात टाकली.

हरकती घ्यायची मुदत होती. नोटीस नगरपालिकेच्या फळ्यावर लागली होती, तुम्ही ती रोज बघत होता आणि घरी येऊन गप्प जेवत होता. बायकांना कळलं तेव्हा मुदत गेलेली. तरी आई उभी राहिली, पलीकडच्या वॉर्डातून, कारण तिला मानणारी दोन घरं तिकडे जास्त होती. आणि आपलं घर अलीकडे. तिला स्वतःचं मतसुद्धा स्वतःला देता आलं नाही, अण्णा. नवऱ्याने घालून दिलेल्या रेघेच्या या बाजूला ती रांगेत उभी राहिली आणि शेठचा भाचा तिकडे निवडून आला. लोकांना वाटलं, बाईला मतं पडली नाहीत. मतं पडायच्या आधीच तुम्ही तिला पाडलं होतं, आपल्याच डाळीने. आणि मिळालं काय तुम्हाला? सत्काराला स्टेजवर शेवटच्या रांगेत एक खुर्ची. तीही हलत होती. त्या खुर्चीवर हात जोडून बसलेला तुमचा चेहरा मी बघितलाय. माणसाने इतकं स्वस्त असू नये.

तर त्या पोराला मी चहा दिला, भजी दिली नाहीत. म्हटलं, "कुणाच्या घरात कोण ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही. ऑब्जेक्शन तुझं तू टाक." तो म्हणाला, "नो वरीज, काकू," आणि गेला. मुलगी म्हणाली, "आई, यू वेअर सो रूड." असेन.

हे कागद कुठे पाठवणार? डब्यांच्या मागे ठेवून देईन. पण एक सांगायचं राहिलं. तो गेल्यावर मी डाळ निवडायला बसले आणि हाताने आपोआप ताटात आमचा रस्ता मांडला. ते कोपऱ्यावरचं पंजाब्याचं घर, ती फिजीवाली, पलीकडचा म्हातारा गोरा. रेघ कुठून नेली तर तो पोरगा हमखास पडेल, हे मला लगेच दिसलं. मग सगळं विस्कटून टाकलं. पण मांडताना मला मजा येत होती, अण्णा.