मुख्य कारण एकच लिहा

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (खरं तर मी वाकलेलाच आहे. परवापासून कंबर धरली आहे, तिचं कारण पुढे येईल.) तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरावा लागतो का, आणि लागत असला तरी तू धरतेस का? ऑपरेशनची तारीख ठरल्यापासून तुझ्यापेक्षा भावोजींनीच जास्त धास्ती घेतली असणार, तेव्हा त्यांना धीर दे. चहाचं पातेलं कुठे ठेवलं आहे तेही आत्ताच दाखवून ठेव, कारण ऑपरेशनच्या टेबलावरून तुला ते ओरडून सांगता येणार नाही. इकडे आम्ही सगळे ठीक. तुझी भावजय मजेत आहे, निदान माझं हे प्रकरण सुरू होईपर्यंत होती.

परवा फोनवर तू विचारलंस, "झालं का रे व्हिसाचं?" आणि मी "होतंय" म्हणालो. फोन ठेवल्यावर मला ते फार लागलं. "होतंय" हे खोटं नव्हतं, पण खरंही म्हणवत नव्हतं. डायरीत त्यावर एक पान खर्च केलं, तरी समाधान होईना. म्हणून हे पत्र कागदावर लिहून, त्याचे फोटो काढून पाठवतो आहे. फोनवर खरं बोलायला मला वेळ पुरत नाही. तर खरं असं, की व्हिसा झालेला नाही, अर्ज परत आला आहे आणि त्यात दोष सर्वस्वी माझ्या प्रामाणिकपणाचा आहे. (हे वाक्य आत्मस्तुतीसारखं वाटतं का? वाटत असेल तर खोडलेलं समज.)

सुरुवात तुझ्यापासूनच करावी लागेल. तू म्हणाली होतीस, "ऑपरेशनसाठी म्हणून मुद्दाम येऊ नकोस हं. कामानिमित्त कधी इकडे येणं झालंच, तर राहून जा." मी ते शब्दशः घेतलं. माझं काम म्हणजे कारखान्यात तयार झालेले वजनकाटे तपासून पास करायचे, तेही पंखा बंद करून, कारण वाऱ्यानेसुद्धा आकडा हलतो. असल्या माणसाला परदेशी कोण पाठवणार? तरी धीर करून साहेबांसमोर उभा राहिलो. तुमच्या शहरात आपले काटे विकणारा एक व्यापारी आहे, त्याच्या तक्रारी येत असतात, एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहायला हवं, असं सुचवलं. साहेबांनी चष्मा वर केला. "तुम्ही? परदेशात? अहो, तुम्ही मला विचारल्याशिवाय खिडकी उघडत नाही." पण मी बहिणीकडे राहणार म्हटल्यावर त्यांना हॉटेलचा खर्च वाचताना दिसला आणि ते हो म्हणाले. अशा रीतीने कामानिमित्त येण्याचं निमित्त मी स्वतःच काम करून मिळवलं. तुला ओझं वाटायला नको, एवढाच हेतू होता.

मग व्हिसावाल्यांकडे गेलो. त्यांचं ऑफिस मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावर आहे. भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं मोठं चित्र आणि त्याच्यासमोर घाम पुसत बसलेली माणसं. त्यांनी विचारलं, व्यवसायाचा व्हिसा की कौटुंबिक भेटीचा? मी म्हणालो, दोन्ही. ते म्हणाले, दोन्ही नसतं, एकच असतं. मी सगळी हकीकत सांगितली. ती त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि ताबडतोब निकाल दिला.

"बिझनेस लिहा. बहिणीचं नाव काढू नका."

"पण राहणार तिच्याकडे आहे."

"पत्ता लिहा. नातं लिहू नका."

"मग त्या पत्त्यावर कोण राहतं म्हणून सांगू?"

"परिचित."

ताई, तुला परिचित लिहू? जिने मला सायकल शिकवताना मागून केव्हाच हात सोडला होता आणि तरी "धरलंय रे, धरलंय!" असं ओरडत राहिली, ती परिचित? मी तिथून उठलोच. घरी आलो तर तुझी भावजय उलट्या बाजूने तयार. तिचं म्हणणं, "बहिणीकडे जाताय ना? मग भेटीचा व्हिसा घ्या. काट्यांना कोण विचारतंय?" पण तिकिटाचे पैसे कारखाना देणार, आणि त्या पैशांवर मी कौटुंबिक भेटीला जायचं म्हणजे साहेबांची फसवणूक. शिवाय भेटीच्या व्हिशात एक अट होती, तिथे कोणतंही काम करणार नाही असं लिहून द्यायचं. आता तू पाय वर करून पडून असणार आणि मी भांडी घासायची नाहीत? मी पुन्हा व्हिसावाल्यांकडे गेलो.

"बहिणीकडून पगार घेणार का?" त्यांनी विचारलं.

"छे!"

"मग ते काम नाही."

"पण निघताना ती हातात काहीतरी कोंबतेच. नाही म्हटलं तर खिशात घालते."

यावर त्यांनी पाणी मागवलं. (माझ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी.)

शेवटी, तिकीट कारखान्याचं या एका मुद्द्यावर, मी व्यवसायाचाच अर्ज भरला. पण मन खाऊ लागलं, म्हणून सोबत एक खुलासा जोडला. सदर प्रवासाचं तिकीट व्यवसायासाठी असलं, तरी प्रवासी मनाने बहिणीकडे जात आहे, दोहोंपैकी कोणतीही गोष्ट लपवण्याचा अर्जदाराचा हेतू नाही, वगैरे. आणि पुरावा म्हणून तू राहण्यासाठी पाठवलेलं निमंत्रणाचं पत्रही लावलं. व्हिसावाले तो खुलासा वाचून म्हणाले, "साहेब, अर्ज करताय की आत्मचरित्र लिहिताय?" मी ते मनावर घेतलं नाही. (घेतलं. त्या पानावर डायरीत शाई सांडली आहे.)

मुलाखतीच्या जागी काचेच्या खिडक्या होत्या. बोलण्यासाठी काचेला भोकं, पण ती माझ्या पोटाच्या उंचीवर. कोणत्या उंचीच्या माणसासाठी केली होती देव जाणे. त्यामुळे सबंध मुलाखत मी काटकोनात वाकून दिली, आणि कंबर धरली ती तिथेच. पलीकडच्या अधिकारीबाई दमलेल्या दिसल्या, पण दुष्ट नव्हत्या. त्यांनी विचारलं, "कशासाठी जाताय?" मी म्हणालो, "खुलाशात सविस्तर दिलं आहे." त्या म्हणाल्या, "वाचलं. म्हणूनच विचारतेय."

मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सरळ प्रश्न केला, उद्या त्या व्यापाऱ्याची भेट रद्द झाली तर तुम्ही जाल का? मी म्हणालो, जाईन. आणि बहिणीचं ऑपरेशन रद्द झालं तर? ताई, मी खरंच विचार केला. मागे रांग होती, कमरेत कळ येत होती, तरी केला. तक्रारींचं तर फोनवरही मिटलं असतं. मी म्हणालो, "नाही. मग कशाला जाऊ?"

"मग तुमचं काम बिझनेस नाही," त्या म्हणाल्या. "मुख्य कारण एकच लिहा आणि भेटीच्या व्हिशासाठी पुन्हा अर्ज करा. तिथे गेल्यावर सवडीने व्यापाऱ्याला भेटलात तरी आमची ना नाही. पगारी नोकरी तेवढी करू नका." इतकं सोपं होतं! मी निघणार, एवढ्यात त्यांनी तुझं पत्र उचललं. त्यातली एक ओळ त्यांनी वाचून दाखवली: "माझ्यासाठी त्याने मुद्दाम त्रास घेऊ नये, परंतु कामातून सवड मिळाल्यास जरूर यावे." आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "या तुमच्या बहीण तुम्हाला बोलावताहेत, की येऊ नका म्हणताहेत?"

मी म्हणालो, आमच्या घरी असंच बोलावतात.

त्या म्हणाल्या, "आमच्याकडे असं चालत नाही."

मी हसलो, पण बाहेर येऊन बाकावर टेकलो तेव्हा वाटलं, प्रश्न बरोबर होता. तू "येऊ नकोस" म्हणतेस, त्याचा मी "ये" असा अर्थ घेतो. मी "कामानिमित्त येतोय" म्हणतो, त्याचा तू काय अर्थ घेतेस कोण जाणे. समजा मी चुकत असेन? तुला खरंच नको असेल माझी लुडबुड? भावोजी आहेत, शेजारी आहेत, तिकडची हॉस्पिटलं चांगली आहेत. तेव्हा तू अजिबात काळजी करू नकोस. व्हिशाचं मी बघतो काहीतरी. जमलं तर येईन, नाही जमलं तर फोन आहेच. तू फक्त गुडघ्याला जप, डॉक्टर सांगतील तेवढंच चाल, आणि पडल्या पडल्या भावोजींना हुकूम सोड.

भावोजींना माझा नमस्कार, आणि तुला पुन्हा एकदा, या वेळी न वाकता.

तुझा
धाकटा भाऊ

ता. क. हे पत्र तुझ्या भावजयीने वाचलं. म्हणाली, "एवढी पानं लिहिलीत आणि मागायचं ते मागितलंच नाहीत. शोभता बहिणीचे भाऊ!" तर मागतो. भेटीच्या अर्जाला तुझं नवं पत्र लागेल. त्यात ऑपरेशन आहे, आणि त्या वेळी भाऊ जवळ हवा आहे, असं स्पष्ट लिहून खाली सही कर.

ता. क. दुसरा. आत्ताच साहेबांचा फोन आला. तो व्यापारी स्वतःच पुढच्या आठवड्यात इकडे येतो आहे, त्यामुळे मी तिकडे जाण्याची कारखान्याला गरज उरलेली नाही. तिकीट मी माझं काढतो. पण ताई, आता माझ्याकडे कामाचं निमित्तही राहिलं नाही, एक तूच राहिलीस. तेव्हा पत्रात "सवड मिळाल्यास", "त्रास नसेल तर", "मुद्दाम नको" यांतलं काही घालू नकोस. अधिकारीबाईंना ते कळत नाही, आणि खरं सांगू, मलाही कधी नीटसं कळलेलं नाही. नुसतं "ये" लिही.