न फिसकटलेली शाई

प्रिय बाबा,

तुझं पत्र पोचलं. फ्लोरिडाच्या उन्हाने तुझा गुडघा सुधारला हे वाचून बरं वाटलं. इकडे टोलेडोत अजून बर्फ आहे. आईने हट्टाने दारातला बर्फ स्वतःच उपसला आणि आता कंबर धरून बसली आहे. तुझं पत्र आलंय म्हटल्यावर तिने कॉफी जरा जास्तच ढवळली.

तू विचारलेले बेसबॉलचे चेंडू कपाटातून काढले. माझ्या दर वाढदिवसाला एक यायचा, तू कुठल्याही गावी खेळत असलास तरी. 'लाडक्या डार्लीनला, बाबाकडून' आणि खाली तुझी सही, दोन शिवणी जवळ येतात त्या अरुंद पट्टीवर नेमकी बसवलेली. वर्गातल्या बार्ब नोवाकशी माझं त्यावरून भांडण व्हायचं. तिच्याकडेही तुझ्या सहीचा चेंडू होता, मैदानाच्या कठड्यावरून वाकून तुझ्याकडून घेतलेला, पण त्याची शाई पार फिसकटलेली. तू डावखुरा, लिहिताना तुझा तळहात ओल्या अक्षरांवरून जायचा. माझ्या चेंडूंवर मात्र एक डाग नव्हता. मी तिला ऐटीत सांगायचे, "मला लिहिताना बाबा हात उचलून धरतो. तुझ्यासाठी कशाला धरेल?" तू घरी कधी नसायचास, पण या एका गोष्टीवर मी माझं बालपण निभावून नेलं.

तू सांगितलंस म्हणून चेंडू मिसेस ड्वोराककडे घेऊन गेले. सह्या पारखण्यात तिचा शब्द शेवटचा मानतात. बाई खडूस आहे. तिने आधी चेंडूंवरचे छाप पाहिले, चामडं नखाने चाचपलं आणि चेंडू त्या त्या वर्षांचेच आहेत म्हणाली. घरच्यांना दिलेले चेंडू सगळ्यांत खात्रीचे, स्वतःच्या पोरीसाठी कोण दुसऱ्याला सही करायला लावतं, असंही म्हणाली. मी हसले. मग तिने भिंग लावलं. तुझ्या सहीचे दोन-तीन चेंडू तिच्याकडे होते, ते तिने शेजारी मांडले. सगळे फिसकटलेले.

"हे लिहिणारा उजव्या हाताचा आहे," ती म्हणाली. "फार स्वच्छ आहे, पोरी. डावखुऱ्याला हे जमत नाही."

मी तिच्याशी भांडले, बाबा. तुझ्या बाजूने भांडले. तू माझ्यासाठी हात उचलून धरायचास हे त्या परक्या बाईला पटवत बसले. तिने चेंडू एकेक करून डब्यात परत ठेवले आणि पैसे घेतले नाहीत. मग मात्र मला काय ते कळलं.

घरी येऊन आईला विचारलं. ती सिंकपाशी पाठमोरी उभी होती. न वळताच म्हणाली, "लेस्टरला तुझा वाढदिवस पाठ होता."

लेस्टर, तुमच्या संघाचे कपडे धुणारा, बूट पुसणारा, आणि कंटाळलेल्या खेळाडूंच्या नावाने सह्याही ठोकून देणारा. आईचा फोन तोच उचलायचा, कारण तू कधी सापडायचा नाहीस. एकदा मैदानावर त्याने मला विचारलं होतं, खोकला गेला का गं तुझा? मला वाटलं, माझा बाबा माझ्याबद्दल सगळ्यांना सांगत असतो. घरी जाईपर्यंत मी हवेत होते. तू मला फसवलंस. सही त्याने केली याचा राग कदाचित ओसरेलही. पण वर्षानुवर्षं मी त्या स्वच्छ शाईला तुझी माया समजत राहिले, आणि तू एकदाही तोंड उघडलं नाहीस.

आता तुला हे चेंडू विकायचे आहेत, आणि मुलीच्या हातचं पत्र सोबत असलं तर गिऱ्हाईक चांगलं मिळेल, असं तू लिहितोस. 'ही अक्षरं माझ्या वडिलांची आहेत, खाली सही, डार्लीन.' तसं पत्र मी देणार नाही, म्हणून हे लिहिलं. चेंडूही देणार नाही, ते मला लेस्टरने दिलेत. तुझं पत्र मात्र मी जपून ठेवणार आहे. पहिल्या ओळीपासून त्याची शाई फिसकटली आहे आणि 'डार्लीन' तर धड वाचताही येत नाही. तुझ्या हातचं माझं नाव मी पहिल्यांदाच पाहिलं.

तुझीच, तरीही,
डार्लीन