बनुआक्काचा खुबा

महाड,
१२ डिसेंबर २०२४

प्रिय बनुआक्का हिस,
शि. सा. नमस्कार. उमरठात थंडी पडली असेल, ऑपरेशनच्या पायावर गोधडी घेत जा. मी ठणठणीत.

हे पत्र तुला पूजाच वाचून दाखवणार. सूनबाई, एक अक्षर गाळू नकोस, तुझ्याबद्दलचं तर मुळीच नको.

आक्का, तू सांगितलंस, "मोरीत पाय सटकला गो. पूजा तवा घरात नवती." मला पटलं नाही. नेमकी तेव्हाच कशी नव्हती? फोनही नेहमी तीच उचलते. आणि नुसत्या घसरण्याने खुबा मोडतो? एकाच आईच्या आपण. मी गेल्या वर्षी बाजारात सपशेल आपटले, तर फक्त कोपर सोललं.

दवाखान्यात फॉर्म भरताना डॉक्टरांनी तुझं शिक्षण विचारलं. मी फणकारले, हाडांना काय पाढे येतात? ते म्हणाले, "बाई, खुबा मोडून माझ्याकडे येतात त्यांत शाळा न पाहिलेल्याच जास्त. औषध कसं घ्यायचं, हेसुद्धा त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं." मी म्हटलं, सुनेला विचारा.

मग तुझी लुगडी न्यायच्या निमित्ताने तुझ्या घरी आले. पूजाने औषधं लपवली असणार म्हणून तिची ट्रंकसुद्धा उचकली. सापडली देव्हाऱ्यात. हाडांच्या गोळ्या, आणि त्यांच्याखाली माझ्या वळणदार अक्षरातला कागद: 'दर सोमवारी एक, उपाशीपोटी.' त्यावर तू हळदकुंकू वाहिलं होतंस. सहा महिन्यांत तीनच गोळ्या संपलेल्या. दुखलं की घ्यायचीस ना?

पोलादपूरच्या स्टँडवर गोळ्या आणि तो कागद तुझ्या हातात कोंबून, "यात सगळं लिहिलंय" म्हणत मी एस्टीत चढले होते. कुणाला लिहून देतेय, हे डोक्यातच आलं नाही. लहानपणी मला कडेवर घेऊन ओढा ओलांडायचीस, शाळेत सोडायचीस आणि गुरांमागे जायचीस. मी पुढे सदतीस वर्षं शिकवलं. साक्षरता वर्गात परक्या म्हाताऱ्यांचे हात धरून सही गिरवून घेतली.

आता खरं सांगते. तो कागद मी पर्समध्ये लपवला. आणि त्यानंतर, सगळं ठाऊक असताना, चार माणसांत पूजाला म्हणाले, "तूच ढकललंस." तेव्हापासून तुझा ओंकार बायकोशी बोलत नाही, हे कळलंय मला. माझी मला लाज वाटते.

पूजा, हे पत्र त्याला वाचायला दे. रविवारी कागद घेऊन येते आणि त्याच्यासमोर तुझी माफी मागते. आक्का, तू मात्र मला लगेच माफ करू नकोस.

तुला एकही अक्षर न शिकवलेली,
तुझी सुंदरा