किटली तळघरात

तीर्थरूप आईस, धाकटीचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा काय म्हणतोय?

आमच्या लॉन्ड्रीत तळघरात एक बाई इस्त्री करते. चहाला कधी आमच्यात नसते, म्हणून सगळ्या तिला ‘महाराणी’ म्हणायच्या. परवा चादरी न्यायला खाली गेले तेव्हा कळलं, बॉयलरच्या आवाजात तिला चहाची घंटाच ऐकू येत नाही!

मी किटली उचलली आणि जिना उतरले. मुकादम ओरडला, “चहा वरच प्यायचा!” म्हटलं, “मग इस्त्रीही वर आणा.” मागोमाग सगळ्या आल्या. आता रोज नेते. बघतेच कोण अडवतं!

चहाला सोबत कोण असतं, हे तू दर पत्रात विचारतेस. उत्तर राहूनच जायचं. आता कळवते: महाराणी माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवते.

तुझी,
धाकटी