आम्ही कुठून आलो, याची वाटणी

मी मथीबाई रावजी भोये, वय अंदाजे बहात्तर (जन्मतारीख शाळेत मास्तरांनी मनाने घातली), मूळची सुरगाण्याकडची, हल्ली मुक्काम लेकाच्या फ्लॅटवर, बुकित पंजांग, सिंगापूर, हे माझ्या हाताने लिहिते. शाळा तिसरीपर्यंत. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी परवाच तपासलं, साखर वाढली, अक्कल होती तेवढीच आहे. कोणी धमकावलेलं नाही. उलट मी फार खुशीत आहे, वाटायला माझ्याकडे पुष्कळ आहे.

एक. गावची दीड एकर वरकस जमीन. आदिवासीची जमीन, कलेक्टरला विचारल्याशिवाय बाहेर विकता येत नाही. ती माझा मुलगा दिलीप याला, पण अटीवर. अट तिसऱ्या कलमात. दिलीप, उड्या मारू नकोस, क्रमाने वाच.

दोन. माझी थाळी. दिलीपचे वडील ती पुढ्यात घेत, मधोमध मेणाने काडी उभी करत आणि काडीवरून बोटं ओढत. थाळी घुमायला लागली की कणसरीची कथा सांगत. धान्याची देवी माणसांवर रुसून कशी गेली, आम्ही कोकणा लोक तिला शोधत डोंगरात कसे आलो, पहिली नागली कुठे पेरली. दिलीपने ती हॉलमध्ये टांगली आहे, वरून छोटा लाइट सोडलाय, आणि पाहुण्यांना सांगतो, "बालीला घेतली." पाहुणे म्हणतात, "वा! किती जुनी संस्कृती त्यांची!" मी चहा देते. थाळी माझी नात किमया हिला.

तीन. आता अट. दिलीप कॉलेजात जायचा होता तेव्हा आम्ही आदिवासी आहोत हे सरकारला पटवण्यात चार वर्षं गेली. तपासणीच्या कचेरीत साहेबाने देव विचारले, लग्नाच्या रीती विचारल्या. दिलीप हॉस्टेलात वाढलेला, अडखळला. मग मी बोलले. साहेब म्हणाला, "बाई, पुस्तकात असं नाही." म्हटलं, "साहेब, पुस्तकवाल्यांना माझ्या सासऱ्यांनीच सांगितलं होतं. त्या दिवशी ते प्यायलेले होते." शिपाई हसला. कागद मिळाला. त्या कागदावर दिलीप शिकला, बोटीवरचा इंजिनिअर झाला, हार्बरफ्रंटच्या हापिसात बसला आणि बसल्या बसल्या आदिवासी राहिला नाही. तिकडे आम्ही पुरेसे मागासलेले दिसत नव्हतो, इकडे मला म्हणतो, "आये, लोकांसमोर गावचं बोलू नको." याला विकास म्हणत असतील तर फारच पटकन झाला.

तर आपण कोण, हे दिलीपने चार मराठी माणसांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगावं, मी जिवंत असताना. नाही सांगितलं तर जमीन माझी भाची सुचित्रा हिला. ती कोण आहे हे तिने कधी लपवलं नाही.

चार. कोयता सुचित्राला, कसंही झालं तरी. मुठीवर माझा हात बसलेला आहे, तिचाही बसेल.

पाच. ज्या प्राध्यापिकाबाईंनी चार दिवस माझं बोलणं टेपात भरून नेलं आणि पुस्तक पाठवते म्हणून पाठवलं नाही, त्यांना काही नाही. त्यांना सांगितलेल्या दोन कथा मी तिथल्या तिथे रचल्या होत्या, त्या त्यांनी ठेवाव्यात.

सही करण्याआधी आणखी लिहिते. साक्षीसाठी मी दिलीपचे मित्र सुबोध आणि त्यांच्या मंडळी सुमित्राबाई यांना बुकित तिमाहहून बोलावलं. दिलीपला वाटलं, चहाला आलेत. मी म्हटलं, वाचल्याशिवाय सही नाही. सुबोध मोठ्याने वाचू लागले. "बालीला" इथे आले तसा दिलीप उठला.

"थांब सुबोध. मी सांगतो."

आणि सांगितलं. आम्ही कोकणा, आदिवासी, कागदासकट. मग कोणी न विचारता कणसरीची कथाही सांगितली. किमया म्हणाली (इकडच्या पोरांच्या बोलण्याला शेवटी 'लाह' लागतंच), "पप्पा, यू नो धिस स्टोरी? व्हाय नेव्हर टेल मी, लाह!"

चुकला. देवी मागच्या दाराने गेली म्हणाला. मी म्हटलं, पुढच्या दाराने, सगळ्यांच्या देखत. त्याने परत पहिल्यापासून सांगितली.

पाहुणे दोनच होते, चार नव्हते. असू दे. अट मी माझ्या हाताने खोडली आहे, शेजारी सही केली आहे. जमीन दिलीपची.

लिहून देणार: मथीबाई रावजी भोये

साक्षीदार:
१. सुबोध (वाचून सही केली, खोडलेलं पाहिलं)
२. सुमित्रा (सही करताना विचारत होत्या, मग देवी परत आली का? दिलीप अजून सांगतोच आहे.)

बुकित पंजांग, सिंगापूर. रविवार, ता. १३ नोव्हेंबर २०१६.